लंडनला नोटरी व्हायचंय? आधी सॉलिसिटर व्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत सहा वर्षं वकिली झाली, नवऱ्याची लंडनला बदली होतेय, तिथे 'स्क्रिव्हनर नोटरी' (परका कायदा आणि परकी भाषा जाणणारा खास नोटरी) होता येईल का? आणि बायकांना सात वर्षांनी नोटरीसाठी अर्ज करता येतो, म्हणून वर्षभर थांबून मुंबईतूनच ते करून यावं का?

थांबू नका. भारतातल्या नोटरीपदाचा इथे लंडनमध्ये काडीचा उपयोग नाही.

किल्ला कोर्टाबाहेर छत्रीखाली शिक्के मारणारा नोटरी आधी डोळ्यांसमोरून काढून टाका. इथला नोटरी बहुतेकदा मसुदा स्वतः करतो, सही करणाऱ्याची ओळख, समज आणि अधिकार तपासतो, आणि गफलत झाली तर निस्तरतोही तोच. पब्लिक फॉर्ममधले, म्हणजे नोटरीनं स्वतःच्या नावानं लिहून दिलेले दस्त कायमचे जपायचे, बाकीचे किमान १२ वर्षं. नेमणूक कँटरबरीच्या आर्चबिशपचं फॅकल्टी ऑफिस करतं. आठव्या हेन्रीनं पोपशी काडीमोड घेतला, त्यातून आलेल्या, पोपचे अधिकार आर्चबिशपकडे देणाऱ्या १५३३ च्या कायद्याची ही देणगी!

आता वाट. सनद असलेल्या वकिलाला एसक्यूई ही पात्रता परीक्षा देऊन सॉलिसिटर, म्हणजे इथला वकील, होता येतं आणि दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागत नाही. पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर. दुसऱ्यातली तोंडी परीक्षा मात्र इंग्लंड-वेल्समध्येच. सॉलिसिटर झालात की नोटरीसाठी लागणारे करार, मालमत्ता, ट्रस्ट वगैरे विषय पुन्हा करावे लागत नाहीत. उरतात रोमन लॉ, प्रायव्हेट इंटरनॅशनल लॉ आणि नोटरीचं प्रत्यक्ष काम. त्यासाठी यूसीएलचा (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, नोकरी सांभाळून होतो. नेमणुकीनंतरही सुरुवातीची वर्षं अनुभवी नोटरीच्या देखरेखीखाली.

स्क्रिव्हनर ही त्याच्या पुढची पायरी. स्क्रिव्हनर्स कंपनीच्या वेगळ्या परीक्षा, परका कायदा, आणि परकी भाषा, तीही थेट दस्त लिहिता येईल इतकी. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या दोन लेव्हल केल्यात म्हणून भागणार नाही. शिवाय लंडन सिटीतली (शहराच्या जुन्या गाभ्यातली) स्क्रिव्हनरांची मक्तेदारी १९९९ च्या कायद्यानं गेली. साधा नोटरीही तिथे दुकान थाटू शकतो. भाषेचं वेड नसेल तर माझ्या मते या फंदात पडूच नये.

तुमची खरी पुंजी वेगळीच आहे. ठाण्यातला फ्लॅट विकायला भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र हवं, अशी माणसं इथे सतत भेटतात. नोटरीची सही, त्यावर अपोस्टील (सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला), इथवर कोणीही करून देईल. पण तो कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे इथल्या नोटरीला कुठून ठाऊक असणार? भाऊ सब-रजिस्ट्रारकडे अडकतो तेव्हा कळतं. तुम्ही ते पहिल्याच भेटीत सांगाल, आणि तेही मराठीत.