खाडीचं मुख आणि वाळूचा दांडा जागा का बदलतात?

मुख्य कारण म्हणजे किनाऱ्याला समांतर वाहणारी वाळू. लाट तिरकी चढते, पण परतताना पाणी उतारावरून जवळपास सरळ खाली येतं. म्हणून वाळूचा कण दर लाटेला थोडा बाजूला सरकतो. किनारा जिथे आत वळतो तिथे लाटांचा जोर ओसरतो, वाळू बसते आणि दांडा, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्यात पुढे निघालेला वाळूचा लांब पट्टा, लांबत जातो. त्याचं टोक बहुधा खाडीकडे वळलेलं दिसतं, कारण लाटाही तिथे वळून येतात.

मुखापाशी खरी ओढाताण असते. वाळू ते बुजवू पाहते, भरती-ओहोटीचं पाणी ते धुऊन काढतं. एका काठावर भर पडते, समोरचा काठ खरवडला जातो आणि मुख हळूहळू पुढे सरकतं. खाडी आणि समुद्र यांच्यातली पाण्याची वाट अशी लांबली की घर्षण वाढतं, आतबाहेर करणारं पाणी घटतं, मुख गुदमरतं. मग एखाद्या वादळात दांडा अरुंद जागी फुटतो आणि नवं मुख तयार होतं.

ओडिशाच्या चिलिका सरोवराचं असंच झालं होतं. तिथे सप्टेंबर २००० मध्ये दांडा कापून नवं मुख उघडलं, तेव्हा पाण्याचा खारेपणा आणि मासळी दोन्ही सावरली.

मात्र मुख बांधून पक्कं करताना फार जपायला हवं. अमेरिकेत ओशन सिटीजवळ १९३३ च्या चक्रीवादळाने मुख उघडलं, ते दगडी बांध घालून टिकवलं. वाळू अडली आणि दक्षिणेचं ॲसाटीग बेट झपाट्याने मुख्य भूमीकडे मागे सरकलं.