सांध्याकडे बघा, पॉलिशकडे नको

प्रश्न : घरामागच्या बागेसाठी दोन वर्षांत सरळ दांड्याची दोन फावडी घेतली, ज्याला दुकानात स्पेड म्हणतात ती. पहिल्याचं पातं दगडाला अडून वाकलं, दुसऱ्याचा दांडा पात्याच्या जरा वर कटकन तुटला. आता दुकानदार म्हणतो, स्टेनलेसचं घ्या, जन्मभर बघायला नको. घेऊ का? माझं वय ५८, उंची पाच फूट एक इंच, गुडघे कुरकुरतात. शिवाय घरचे विचारतात, आपलं नेहमीचं फावडं असताना हे दुसरं हवंच कशाला? – एक वाचक

उत्तर : ताई, आधी घरच्यांची समजूत काढू. नेहमीच्या फावड्याचं पातं दांड्याला आडवं, आतल्या बाजूला वळलेलं असतं. ते वरून मारायचं आणि आपल्याकडे ओढायचं अवजार. सरी ओढायला, आळं करायला, पाण्याची वाट वळवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ते कमरेत वाकूनच चालवावं लागतं आणि सगळा जोर हातांचा. स्पेडवर पाय देता येतो, माती अंगाच्या वजनाने कापली जाते. वाफ्याची कड सरळ कापायची, झुडूप मुळांच्या गोळ्यासकट उचलायचं, उभ्या भिंतींचा अरुंद खड्डा घ्यायचा, तर तिथे स्पेडच लागतं. शॉव्हेल हे आणखी तिसरं, खोलगट, वाळू-खडी भरायला. दुकानात तिघांनाही फावडंच म्हणतात, त्यामुळे फोनवरून मागवू नका, हातात घेऊन बघा.

आता मुद्द्याचं. मी एकतीस वर्षं फिटर होतो. कानस सुटली आणि हातात खुरपं आलं. निवृत्तीनंतर घेतलेलं माझं पहिलं स्पेड निळ्या रंगाचं, तुळतुळीत, वर सोनेरी स्टिकर. तिसऱ्या आठवड्यात मोडलं. रागाने म्हणा, सवयीने म्हणा, मी ते शिकंज्यात धरून हॅक्सॉने उभं चिरलं. आत बघितलं तर लोखंडी खोबणीत लाकूड जेमतेम चार बोटं गेलेलं, पुढे पोकळी, आणि रिव्हेट म्हणून जे दिसत होतं तो एक खिळा, बाहेरून डोकं घासलेला. खिळ्याने दांड्याला आतून चीर पाडली होती, चिरेत पाणी शिरून लाकूड काळं पडलं होतं. म्हणीत कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो, इथे खिळाच दांड्यास काळ झाला होता.

तेव्हापासून मी स्पेड घेताना पातं शेवटी बघतो. आधी पातं आणि दांडा यांचा सांधा. कारण सोपं आहे. पातं साधारण ३० सेंटिमीटर, त्याच्या वर दांडा ७० सेंटिमीटर. पातं जमिनीत पूर्ण रुतवून तुम्ही मुठीला २० किलोचा जोर मागे ओढलात, तर खाली टोकाशी ४५ किलोच्या वर ताकद लागते, आणि वाकवणारा सगळ्यात मोठा ताण येतो मधोमध, नेमका सांध्यावर. म्हणून चांगल्या स्पेडची खोबण लांब असते. काहींमध्ये तर पात्यातूनच निघालेल्या दोन पोलादी पट्ट्या दांड्याच्या पुढून-मागून बऱ्याच वर चढवून आरपार रिव्हेट मारलेले असतात. वजन थोडं वाढतं, पण खडकाळ जमिनीला तेच घ्यावं. निदान दोन रिव्हेट, दोन्ही बाजूंनी दिसणारे, बोट फिरवलं तर न टोचणारे. स्क्रू दिसला की ठेवून द्या.

मग स्पेड उलटं करा. खोबणीची पाठ उघडी असेल, म्हणजे पत्रा गुंडाळून मागे खाच सोडलेली असेल, तर ते प्रेसमध्ये दाबलेल्या पत्र्याचं काम. त्या खाचेत चिखल बसतो, ओल धरतो आणि लाकूड कुजवतो. हलक्या, भुसभुशीत मातीला असं स्पेड चालतं, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण तुमच्या बागेत दगड आहेत. तुम्हाला फोर्ज केलेलं, म्हणजे तापवून एका तुकड्यातून घडवलेलं हवं. ओळखायचं कसं? पातं आडवं धरून कडेने बघा. पत्र्याचं पातं वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचं असतं, ताठपणासाठी त्यावर उभ्या घड्या पाडलेल्या असतात. घडवलेलं पातं खोबणीपाशी जाड असतं आणि धारेकडे निमुळतं होत जातं. दांडा दोन बोटांत लोंबता धरून पात्यावर किल्लीने टकटक करा. खणखणीत वाजलं तर ठीक. भद्द आवाज किंवा खरखर आली तर कुठेतरी चीर आहे नाहीतर सांधा सैल आहे.

स्टेनलेसबद्दल. चिकट मातीत ते सुरेख सरकतं, माती कमी धरतं, धुऊन टांगलं की झालं. पण ‘जन्मभर’ हा शब्द गंजापुरता खरा. तुमचं पातं गंजलं नव्हतं, वाकलं होतं. पोलाद वाकून परत सरळ व्हावं, तसंच वाकलेलं राहू नये, यासाठी त्यात पुरेसा कार्बन लागतो आणि त्याला नीट पाणी दिलेलं लागतं, म्हणजे लाल तापवून विझवायचं आणि मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. बागेची बरीचशी स्टेनलेस पाती अशा पोलादापेक्षा मऊ असतात, दगडाशी त्यांची धार लवकर गोल होते. तेव्हा दगडांसाठी साधं कार्बन पोलाद, पाणी दिलेलं. त्याला गंज चढतो, पण काम झाल्यावर माती खरवडून, कोरडं पुसून तेलाचा बोळा फिरवायला दोन मिनिटं लागतात.

तुटलेला दांडा अजून असेल तर फेकू नका, त्याच्याकडे बघा. लांब तिरकी चिरफाळी निघाली असेल तर लाकडाच्या रेषा तिरक्या होत्या. मुळा मोडावा तसा आडवा तुटला असेल तर लाकूडच ठिसूळ किंवा आतून कुजकं होतं. नवा दांडा घेताना मुठीपाशी एक रेषा धरा आणि नजरेने खाली या. ती खोबणीपर्यंत पोचली पाहिजे. अध्येमध्ये कडेला बाहेर पडली तर दांडा तिथेच मोडणार. ऍश, हिकरी, बाभूळ, जात कुठलीही चालेल, रेषा सरळ हव्यात आणि खालच्या अर्ध्यात गाठ नको. रंगवलेला दांडा मी घेत नाही. रंगाखाली काय दडवलंय हे विकणाऱ्यालाच ठाऊक. फायबरचे दांडे कुजत नाहीत हे खरं, पण वर्षानुवर्षं उन्हात राहिले की वरचा थर उडतो आणि बारीक कुसळं तळहातात जातात.

आणि गुडघे. मोठ्या मापाचं स्पेड घेऊच नका. ३० बाय १९ च्या पात्यावर १० सेंटिमीटर जाडीचा मातीचा तुकडा घेतलात तर ओल्या मातीचे साडेआठ किलो होतात. त्याहून लहान, २३ बाय १४ चं बॉर्डर स्पेड मिळतं, त्यावर तोच तुकडा पाच किलोच्या आत राहतो. बायकांचं स्पेड म्हणून ते गुलाबी मूठ लावून विकतात, त्याकडे दुर्लक्ष करा. मी स्वतः तेच वापरतो. पात्याची वरची कड दुमडून पाय ठेवायला रुंद केलेली हवी, नाहीतर चपलेचा तळ कापत जातो. लांबी दुकानातच तपासा. एक पाय कडेवर ठेवून मूठ धरा, त्यासाठी कमरेत वाकावं लागलं तर दांडा आखूड आहे.

एक विचारतो, रागावू नका. पहिलं पातं वाकलं तेव्हा तुम्ही दगड उकरत होतात की उचकटत होतात? उचकटणं हे पहारेचं काम. एक जुनी पहार जवळ ठेवा, स्पेडचं आयुष्य दुप्पट होईल.

प्रश्न : नवं स्पेड बोथटच निघालं. ग्राइंडरवर धार काढून घेऊ का? – दुसरे एक वाचक

उत्तर : नवी स्पेड बहुधा बोथटच येतात, धार आपण काढायची. पण ग्राइंडर नको. पातळ कड क्षणात तापते, आणि पोलाद निळं पडलं म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास गेलं. तिथलं पाणी उतरलं, कड मऊ झाली. मग वरून बादलीभर पाणी ओतलंत तरी ते परत चढत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक छिन्नी अशी निळी केली होती. उस्तादांनी ती महिनाभर माझ्या टेबलावर ठेवायला लावली.

पातं शिकंज्यात पक्कं धरा, चपटी कानस घ्या, समोरच्या एकाच बाजूने साधारण ४५ अंशांचा उतार द्या. कानस पुढे ढकलताना कापते, मागे घेताना उचला. घासत मागे ओढलीत तर तिचेच दात जातात. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्या खड्यालाच मुडपते. नखावर टेकवली तर घसरू नये, एवढी पुरे.

प्रश्न : माझ्या साध्या फावड्याचा दांडा सैल झाला की मी ते रात्रभर बादलीत बुडवून ठेवतो. सकाळी घट्ट होतं. बरोबर ना? – आणखी एक वाचक

उत्तर : सकाळी घट्ट, आठवड्याने आधीपेक्षा सैल. लाकूड फुगतं तेव्हा नेढ्यात जागा नसल्याने त्याचे तंतू स्वतःलाच चिरडतात, आणि सुकलं की पहिल्याहून बारीक होतं. दांडा काढून पूर्ण वाळवा, पुन्हा ठोकून बसवा आणि वरून कोरड्या कठीण लाकडाची पाचर मारा. मग जवसाच्या तेलाचे दोन-तीन हलके हात, प्रत्येक हात वाळू देऊन. तेलाचं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून मग टाका.