'अनलिमिटेड' नेट संध्याकाळीच का दमतं?

प्रश्न : माझा रोज दीड जीबीचा अनलिमिटेड प्लॅन आहे. संध्याकाळी साडेसातनंतर स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं. दुकानदार म्हणतो, 'नेट चालूच आहे, बंद कुठे झालंय?' ही फसवणूक नाही का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नाही, हीच तर गंमत आहे. जाहिरातीतलं मोठ्या अक्षरातलं 'अनलिमिटेड' असतं ते मुख्यतः कॉलसाठी. डेटाचा हिशेब खाली बारीक अक्षरात असतो : रोज दीड जीबी, नंतर वेग बहुतेक ठिकाणी ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. हा आकडा बिटांचा आहे, आणि आपल्या फायली मोजतात बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हातात पडतात सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. लग्नातला ३ एमबीचा एक फोटो उतरायला सहा मिनिटांच्या वर लागतात. तोवर नवरा-नवरी जेवून उठतात.

घरी वायर ओढून घेतलेल्या ब्रॉडबँडचा कोटा संपला तरी वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका, असं दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने २०१६ मध्ये कंपन्यांना बजावलं होतं. मोबाइलला तसा तळ आखून दिलेला नाही. सरकारी व्याख्येत २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, म्हणजे सुमारे दोन हजार केबीपीएस; ६४ केबीपीएस त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकेही भरत नाहीत. 'अनलिमिटेड' या शब्दावर भांडण्यापेक्षा या तळासाठी भांडायला हवं, असं माझं मत आहे.

पण तुमचा कोटा खरंच संपतोय का, ते आधी बघा. साडेसात ही टॉवरवर गर्दीचीही वेळ. डेटा ५०, ९० आणि १०० टक्के वापरला गेला की मेसेज यायला हवा. कंपनीच्या ॲपमध्येही शिल्लक दिसते. शिल्लक असूनही नेट रडत असेल, तर तो टॉवरचा प्रश्न. तिथे वेग खालीवर उड्या मारतो. कोटा संपल्यावर मात्र तो साठ-बासष्ट केबीपीएसला खिळल्यासारखा राहतो. स्पीड टेस्ट सारखी करू नका, शिल्लक डेटा तीच खाते.

प्रश्न : मुलीच्या क्लाससाठी फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला देते. क्लास तासाभराचा, पण दोन जीबी फस्त! कंपनी मीटर पळवते का? – एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : मीटरवर संशय घेण्याआधी लॅपटॉपची झडती घ्या. तुमचा हॉटस्पॉट त्याला घरच्या वायफायसारखाच दिसतो. 'फुकटचं नेट आलं' असं समजून तो विंडोजचे अपडेट उतरवतो, फोटो क्लाउडवर चढवतो, आणि मुलगी बिचारी त्याच वेळी प्रमेय सोडवत असते. आमच्या घरी हेच झालं होतं. मी मुलावर ओरडलो आणि चोर निघाला लॅपटॉप.

लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा, तुमच्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे 'हे नेट मोजून मिळतं') ऑन करा. बहुतेक अपडेट थांबतात. क्लासच्या व्हिडिओची क्वालिटीही एक पायरी खाली आणा. फळ्यावरचं वाचता आलं म्हणजे झालं. आणि हो, फोनवर व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये व्हिडिओचं ऑटो डाउनलोड बंद करा. सोसायटीच्या ग्रुपवरची सुप्रभातं न उघडताच उतरत असतात.

प्रश्न : माझ्या प्लॅनमध्ये ५जी अनलिमिटेड आहे, तरी कोटा संपल्याचा मेसेज येतो. – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : फोन ५जीवर असेल तोवरच ते अनलिमिटेड. जाड भिंतींच्या खोलीत गेलात किंवा लिफ्टमधून खाली आलात, की फोन गुपचूप ४जीवर उतरतो आणि रोजचा कोटा मोजायला लागतो. वरच्या कोपऱ्यात नजर ठेवा.

प्रश्न : वेग कमी झाल्यावर व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण यूट्यूब अडतं. कंपनी मुद्दाम ठरावीक ॲप अडवते का? – एक वाचक, पणजी

उत्तर : तसं करायला बंदी आहे. २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे नियम मान्य केले. एक ॲप पळवायचं आणि दुसरं रांगायला लावायचं, हे त्यात बसत नाही. कोटा संपल्यावर सगळ्यांनाच एका सुईच्या छिद्रातून जावं लागतं. मेसेज दोऱ्यासारखा निघून जातो, व्हिडिओची गोधडी अडकते.

प्रश्न : कोटा संपला आणि भाजीवाल्यापुढे पेमेंट अडकलं. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : यूपीआयच्या व्यवहाराला स्वतःला फार डेटा लागत नाही, वेळ जातो तो ॲपच्या पहिल्या पानावरच्या जाहिराती उघडण्यात. मागे चालू असलेली बाकीची ॲप बंद करून पुन्हा बघा. तेही जमलं नाही, तर बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावा. ते नेटशिवाय चालतं. एकदा घरी सवडीने करून बघा, गर्दीत पहिल्यांदा धांदल उडते. आणि 'पेंडिंग' दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी बँकेचा मेसेज बघा, भाजीवाल्याचा स्पीकर बोलतो का ते ऐका.