घाटात थरथरणारा ब्रेक आणि तुटलेला स्टड

प्रश्न : ताई, माझी स्विफ्ट आहे. कामानिमित्त चिपळूण-कऱ्हाड अशी कुंभार्ली घाटातून नेहमी ये-जा असते. पावसाळा संपल्यापासून पोफळीकडे उतरताना ब्रेक दाबला की पेडल आणि स्टेअरिंग दोन्ही थरथरतात. त्यात परवा पंक्चर काढायला गेलो तर नट सोडवताना पुढच्या डाव्या चाकाचा एक स्टडच तुटला. उरलेल्या तीन नटांवर गाडी घरी आणली. पाने, जॅक आहेत, हाताला सवयही आहे. डिस्क आणि स्टड घरी बदलता येतील का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : डिस्क घरी नक्की बदलता येईल. स्टडचे, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आटेदार दांड्याचे, मात्र चाक उतरवल्यावरच कळेल. तोपर्यंत गाडी अंगणातून हलवू नका. तुमच्या चाकाला चारच स्टड. एक गेला म्हणजे त्याच्या शेजारच्या दोघांवर जादा ताण आला, आणि तेही पंक्चरवाल्याच्या त्याच हवेच्या गनने आवळलेले आहेत.

तुमच्या दोन तक्रारी मला एकाच घरच्या वाटतात. पंक्चरच्या दुकानात हवेची गन नटावर लावतात आणि खडखड थांबेपर्यंत दाबून धरतात. किती आवळले याचा हिशोब कुणीच ठेवत नाही. त्याने स्टड ताणला जातो आणि पुढे कधीतरी सोडवताना तुटतो. शिवाय एक नट खूप घट्ट, दुसरा कमी, असे झाले की डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर, किंचित तिरकी बसते. अशी डिस्क फिरताना दर फेऱ्याला पॅडला घासून जाते, हळूहळू एका जागी झिजते, जाडी कमी-जास्त होते, आणि मग घाटात पेडल थरथरायला लागते. म्हणून नुसते नवे भाग घालून उपयोग नाही, बसवायची पद्धत बदलली पाहिजे.

आता काम. जागा सपाट हवी. अंगण मातीचे असेल तर जॅकखाली जाड फळी घ्या. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नट गाडी उचलण्याआधीच अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलली की लोखंडी घोडीवर टेकवा. गाडीसोबत येणारा जॅक फक्त उचलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सोडला की तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढले की डिस्क मोकळी व्हायला हवी, पण कोकणच्या हवेत ती हबला गंजून चिकटलेली असणार. हातोडा घेण्याआधी डिस्कच्या मधल्या भागाकडे नीट पाहा. मारुतीच्या डिस्कला आटे असलेली दोन जादा भोके असतात. त्यांत ८ मिमीचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळत जा, डिस्क आपोआप सुटून पुढे येते.

इथे थांबा आणि हबच्या तोंडाकडे पाहा. सगळ्या कामातला खरा वेळ इथे द्यायचा. स्टडच्या मुळाशी तांबूस पापुद्रे धरलेले दिसतील. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने ते चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा, प्रत्येक स्टडच्या भोवतीसुद्धा. वहीचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. तेवढा गंज हबवर एका बाजूला राहिला, तर डिस्कच्या कडेला तो तिरकेपणा आणखी वाढतो, आणि कंपन्या डिस्कच्या डोलण्याला ०.१ मिमीच्या आसपासच मुभा देतात. म्हणजे नवी कोरी डिस्क घालूनही काही महिन्यांत पुन्हा तीच थरथर. डिस्क बदलूनही तक्रार गेली नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांमध्ये हाच गंज मला पुन्हा पुन्हा दिसला आहे.

स्टडला डोक्याखाली बारीक उभे दाते असतात, त्यांच्यावर तो हबच्या भोकात दाबून बसवलेला असतो. डिस्क निघाली की गिअर न्यूट्रल करा, हब फिरवून तुटलेला स्टड कॅलिपरच्या मोकळ्या जागेसमोर आणा आणि मागून पाहा. नवा स्टड तिथून आत सरकेल एवढी जागा असेल तरच पुढे जा. जागा नसेल तर हब काढून प्रेसवर काम करावे लागते. दाबून बसवलेला हब उपसला की बेअरिंगही नवे घालावे लागते, ते काम गॅरेजचेच. जागा असेल तर हातोड्याने ठोकण्यापेक्षा बॉल जॉइंटच्या पुलरने, म्हणजे स्क्रू आवळून दाब देणाऱ्या हत्याराने, जुना स्टड मागे ढकला. हातोड्याचा मार सरळ बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो, आणि महिनाभराने चाक गुणगुणू लागते.

नवा स्टड घेताना जुना सोबत न्या. मारुतीला १२ मिमी जाडीला १.२५ मिमी अंतराचा आटा असतो, ह्युंदाई, होंडाला १.५ चा. चुकीचा नट पहिले दोन फेरे गोड जातो आणि मग अडकतो. स्टड मागून घालून पुढून तीन-चार जाड वॉशर आणि एक जादा नट लावा, वॉशरमध्ये तेलाचा थेंब सोडा, आणि नट आवळत स्टड ओढून घ्या. डोके मागे हबला सपाट टेकले की झाले. हा नट चाकाला वापरू नका, त्याचे आटे ताणलेले असतात. शेजारचे दोन स्टडही बदला, माझ्या मते तर चारही.

नव्या डिस्कवर गंज न चढावा म्हणून तेल लावलेले असते, ते ब्रेक क्लीनरने पुसा. पॅड नवेच घाला, आणि डिस्क दोन्ही बाजूंच्या बदला. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलची बाटली भरून वाहत नाही ना, हे बघा. ते रंगावर पडले तर रंग उठतो.

चाक बसवताना आटे कोरडे आणि स्वच्छ असू द्या. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे, दोन टप्प्यांत. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. समजा तो ८५ न्यूटन-मीटर आहे. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला हा सुमारे १७ किलोचा जोर होतो. त्याच टोकावर सत्तर किलोचा माणूस उभा राहिला तर तो चौपट होतो. टॉर्क रेंच, म्हणजे किती आवळले ते सांगणारा पाना, कुणाकडून मागून आणा, पण वापरा.

गाडी सुरू करण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबत राहा. पहिला दाब थेट खाली जातो, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा त्याच आकड्यावर तपासा, नवे स्टड किंचित बसतात. आणि पुढच्या वेळी पंक्चरवाल्याला सांगा, नट हातानेच लावा.

प्रश्न : नवी डिस्क घेण्यापेक्षा जुनीच लेथवर फेस करून, म्हणजे वरचा थर कातून सपाट करून, घेतली तर? – एक वाचक, सांगली

उत्तर : डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. फेस केल्यावरही जाडी त्या आकड्याच्या बऱ्यापैकी वर राहणार असेल तरच लेथवर न्या. मोजताना कडेची उंच धार धरू नका, पॅड जिथे घासतो तिथली जाडी चार-पाच ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. पातळ डिस्क उतारावर लवकर तापते. रोज घाट उतरणाऱ्या गाडीला मी नवीच घालते.