खोकला लपवणाऱ्याची बाजू

चि. डॉक्टर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालीस, हे कळलं. वर्धा रोडवरून जाणाऱ्या माणसाला ती भिंत दिसते, आतली बॅरक दिसत नाही. तुला आता रोज दिसेल. साथी आवरायची सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. माझ्या नोकरीची नऊ वर्षं विदर्भातल्या तुरुंगांत गेली, त्या भरवशावर लिहितो.

सुरुवात गेटवर कर. नव्या बंद्याची वैद्यकीय तपासणी १८९४ च्या तुरुंग कायद्यापासूनच सांगितलेली आहे, आणि रजिस्टर भरलंही जातं. पण ती होते कधी ते बघ. कोर्टाची गाडी संध्याकाळी येते. माणूस दिवसभराचा उपाशी, जामीन नाकारलेला, आईला कोर्टाच्या पायऱ्यांवर रडताना सोडून आलेला. त्याच्यामागे पंधरा-वीस जणांची रांग, आणि गिनतीची वेळ झालेली. अशात "खोकला आहे का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "काई नाई जी साहेब, खर्र्याचा ठसका हाय."

एका तुरुंगात मी हे उत्तर तसंच लिहून घेतलं. उमरेडकडचा पोरगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा. तीन महिन्यांनी त्याच्या बेडक्यातून रक्त पडलं तेव्हा शेजारच्याने सांगितलं, हा रात्री तोंडात चादरीचा बोळा धरून खोकतो. त्याच्या बॅरकमध्ये आणखी तिघांना क्षय निघाला. आधी का बोलला नाहीस, असं विचारल्यावर तो खाली बघून म्हणाला, "सांगतलं असतं त तिकडच्या खोलीत टाकलं असतं. तिथं त शिक्षा झालेले राह्यते."

खरंच होतं ते. आम्ही 'विलगीकरण' म्हणायचो ती खोली शिक्षेच्या कोठड्यांच्याच ओळीत होती. तिकडे गेलं की मुलाकात बंद, गाववाल्यांची सोबत तुटली, खिडकीजवळची मिळवलेली जागाही गेली. आजार सांगण्याची एवढी किंमत आम्ही लावली होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही खोकला दाबला असता. म्हणून सांगतो, तुझी सगळी शक्ती आधी इथे लाव: आजार सांगणाऱ्याचं काही हिरावलं जाता कामा नये. अधीक्षकांकडे वेगळी, उन्हाची, मोकळ्या बाजूला उघडणारी खोली माग. मुलाकात बंद करू नकोस, उघड्यावर मास्क लावून अंतरावरून होऊ दे. कोर्टाची तारीख व्हिडिओवरून लागते का, ते आदल्या दिवशी बघून ठेव. बॅरकमधली त्याची जागा राखून ठेवायला सांग. आणि किती दिवस वेगळं राहायचं, ते त्याला पहिल्याच दिवशी सांग. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत क्षयाचा संसर्ग देण्याची शक्यता बरीच खाली येते. मुदत माहीत असली की माणूस सोसतो.

गेटवर झालेली तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत कर, शिपाई दाराबाहेर ठेवून. खोकला, ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, हे चार प्रश्न त्याच्या बोलीत विचार. रात्रपाळीच्या शिपायालाही विचार, कोणत्या बॅरकमध्ये कोण खोकतो हे त्याला पाठ असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तुरुंगातलं क्षयाचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे दहापट आहे. तेव्हा माणूस तुझ्याकडे येईल म्हणून थांबू नकोस, तू बॅरकमध्ये जा.

बेडक्याचा नमुना घेताना समोर उभी राहा. डबी हातात दिली की लोक थुंकी टाकून परत करतात, आणि चाचणी 'नाही' म्हणते. सकाळी उठल्यावर चूळ भरायला लाव, दोन-तीन खोल श्वास घ्यायला लाव, मग आतून काढलेला घट्ट बेडका हवा. आणि हे बॅरकमध्ये कधीच नको, आवारात, उन्हात, बाकीच्यांपासून दूर.

हवेचं मात्र नागपुरात अवघडच आहे. मे महिन्यात पत्र्यासारखं तापतं, तेव्हा लोक आपण होऊन दार-खिडकीकडे सरकतात. डिसेंबरच्या थंडीत तीच खिडकी पोत्यांनी आणि जुन्या कांबळ्यांनी बुजवतात, आणि शंभर माणसं रात्रभर एकमेकांचा श्वास घेतात. बोळे नुसते काढून टाकलेस तर रात्री परत लागतील. आधी जादा कांबळी मिळव, मग समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांग.

खरजेबद्दल थोडक्यात. एकट्याला मलम दिलंस तर पंधरा दिवसांत तोच परत येईल. सगळ्या बॅरकला एकाच रात्री गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत परमेथ्रिन लावायचं, आठवड्याने पुन्हा, आणि त्याच दिवशी कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात. कांजिण्यांना लोक 'माता आली' म्हणतील, म्हणू दे. सगळ्या खपल्या धरेपर्यंत रोगी वेगळा, आणि त्या बॅरकमध्ये २१ दिवस नवा माणूस टाकायचा नाही.

एचआयव्हीची चाचणी संमतीनेच, २०१७ चा कायदा तसं सांगतो. निकाल शिपायाच्या कानावर जाता कामा नये. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिनने प्लेगची लस भायखळ्याच्या तुरुंगात टोचली, ती स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. गजाआडच्या माणसाचं 'हो' कितपत मोकळं असतं, हा प्रश्न मला आजही छळतो. म्हणून 'नाही' म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात परत विचार, रागावू नकोस.

गर्दी कमी करणं आपल्या हातात नाही, असं तुला सगळे सांगतील. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या अहवालात देशातले सुमारे ७६ टक्के बंदी कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले आहेत, आणि तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले. पण कोविड आला तेव्हा २३ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना समित्या नेमायला लावल्या, आणि माणसं अंतरिम जामिनावर, पॅरोलवर बाहेर गेली. कच्च्या बंद्यांच्या आढावा समितीसमोर गंभीर आजाऱ्यांची नावं जाऊ शकतात. ती यादी तुझ्या सहीने, वेळेवर, कारणांसकट जाऊ दे.

आता सुटकेचं. कच्चा बंदी कधी सुटेल हे कोणीच सांगू शकत नाही. जामिनाचा कागद संध्याकाळी येतो, माणूस तासाभरात रस्त्यावर, आणि सहा महिन्यांचा कोर्स दुसऱ्या महिन्यात तुटतो. उमरेडचा पोरगा असाच सुटला. वॉरंटवरच्या पत्त्यावर माणूस पाठवला तर ते घर केव्हाच बंद झालेलं. तो मला परत दिसला नाही.

म्हणून औषध सुरू होईल त्याच दिवशी विचार: बाहेर गेल्यावर झोपशील कुठे? मामाकडे, सासरी, कामठीला, जे असेल ते लिही, दोन फोन नंबर घे, निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरोग्याच्या सरकारी नोंदीचा क्रमांक, चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळ दे. पंधरा दिवसांच्या गोळ्यांची पिशवी त्याच्या नावाने गेटवर ठेवून दे, आणि गेटवरच्या हवालदाराला सांगून ठेव, तू घरी गेलेली असलीस तरी ही पिशवी त्याच्या हातात पडल्याशिवाय दार उघडायचं नाही.

कांबळ्यांची मागणी दिवाळीआधी टाक, मंजूर व्हायला वेळ लागतो. रविवारी घरी ये, बोलू.

तुझे सर