कारखान्यातला ईआरपी प्रकल्प का फसतो?

तुम्ही विचारलंय की सॉफ्टवेअर नावाजलेलं, कन्सल्टंट अनुभवी, तरी कारखान्यात ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारी यंत्रणा) का फसतं. बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर ठीकच असतं. चुकीचा असतो तो त्यात भरलेला डेटा, आणि तो तपासायला कुणाला वेळच दिलेला नसतो.

25 मिमीचा एमएस राउंड बार (साध्या पोलादाची गोल सळई) घ्या. खरेदी किलोत, वापर मीटरमध्ये. वजन मीटरला साधारण 3.85 किलो (व्यासाचा वर्ग भागिले 162). आयटम मास्टरमध्ये (प्रत्येक मालाच्या मूळ माहितीच्या नोंदीत) हा आकडा भरायचा राहून 1 तसाच राहिला, तर 385 किलोची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होताच सिस्टीम 385 मीटर साठा दाखवते. रॅकवर असतो 100 मीटर. एमआरपी (साठा पाहून मालाची गरज काढणारा सिस्टीमचा भाग) खरेदी सुचवत नाही आणि माल संपला की लाइन थांबते. मग सुपरवायझर स्वतःची एक्सेल शीट पुन्हा उघडतो. खरं अपयश इथे सुरू होतं: सिस्टीममधल्या नोंदी उशिरा, नावापुरत्या होतात आणि साठा आणखी बिघडत जातो.

एमआरपीवर भिस्त ठेवायची तर बीओएम (एका उत्पादनाला लागणाऱ्या मालाची यादी) किमान 98 टक्के आणि साठा 95 टक्के अचूक हवा, हा जुना निकष आहे. त्यासाठी एकाच बेअरिंगचे तीन-तीन कोड आधी एकत्र करा, नवे कोड उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, आणि डेटा भरण्याची रंगीत तालीम निदान तीनदा करा. चाचणी स्टोअरकीपरने करायची, खऱ्या चलनांवर, परत आलेला माल आणि अर्धवट डिलिव्हरी धरून. त्याचं रोजचं निम्मं काम चाचणीचे महिने दुसऱ्याला द्यावं लागतं. मालक इथेच हात आखडता घेतात, आणि ही काटकसर सगळ्यात महाग पडते.

सिस्टीम सुरू करण्याच्या तारखेचंही तसंच. आपल्याकडे हिशेबाच्या सोयीसाठी 1 एप्रिल धरतात, पण मार्चमध्ये सगळे डिस्पॅचमागे धावत असतात, चाचणी कोण करणार? अमेरिकेत हर्शी या चॉकलेट कंपनीने 48 महिन्यांचं काम 30 महिन्यांत बसवलं आणि जुलै 1999 मध्ये, हॅलोवीनच्या (ऑक्टोबरअखेरचा, गोड खाऊ वाटण्याचा सण) ऑर्डरी येण्याच्या तोंडावर, नवी यंत्रणा सुरू केली. गोदामात माल असूनही सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत. तुमचा मंदीचा महिना निवडा. सुरुवातीच्या शिलका कोणत्याही महिनाअखेरीच्या ट्रायल बॅलन्सवरून (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) भरता येतात.