जुना कॉर्ग एम-१ घ्यावा का, आणि सोलापूरसारख्या गावात त्याची देखभाल होऊ शकते का?

आपण विचारले आहे की, १९९० च्या आसपासचा कॉर्ग एम-१ (जपानच्या कॉर्ग कंपनीचा कीबोर्ड सिंथेसायझर) वापरलेल्या अवस्थेत मिळतो आहे, विकणारा "बॅटरीचा किरकोळ प्रॉब्लेम आहे, बाकी यंत्र उत्तम" असे सांगतो आहे, तर ते घ्यावे का आणि मुंबई-पुण्याबाहेर राहून ते सांभाळता येईल का. माझे उत्तर "घ्यावे" असे आहे आणि "सांभाळता येईल" असेही आहे. एवढेच लिहून मी थांबलो असतो, पण विकणाऱ्याचे ते वाक्य वाचल्यावर मला राहवले नाही. याच किरकोळ बॅटरीवरून एक आरोप मी वीस वर्षे ऐकत आलो आहे.

माझा एम-१ मी १९९९ मध्ये घेतला. मुंबईच्या एका स्टुडिओने तो विकायला काढला होता. वडिलांनी भिशीचे पैसे उचलून दिले आणि मी तो दोन सतरंज्यांत गुंडाळून रात्रीच्या गाडीने सोलापूरला आणला. आमचे घर अशोक चौकाजवळ, खाली यंत्रमाग आणि वर आम्ही. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो चालता करणारा माणूस. तेव्हा शहरातल्या बहुतेक ऑर्केस्ट्रांत रिदमवाले, म्हणजे तयार ताल वाजवणारे, छोटे कीबोर्ड होते. एम-१ स्टेजवर ठेवला की लोक जवळ येऊन पाहत असत.

मी या यंत्रात पाच वर्षे खपून चाळीसेक टोन, म्हणजे वाद्यांचे स्वतः जुळवलेले आवाज, बनवले होते. मूळ सतारीचा टोन आपल्या गाण्यांना परका वाटतो, म्हणून त्याचा आघात मऊ करून घेतला होता. जॉयस्टिकवर मींड घेता यावी असा सनईचा टोन केला होता. दोन ऑसिलेटर (टोनमधले आवाजाचे मूळ स्रोत) एकमेकांशी किंचित बेसूर ठेवून पेटीचा टोन साधला होता आणि तो भजनाला इतका चपखल बसे, की मागे बसलेले लोक पेटी कुठे आहे ते शोधत. एम-१ च्या फिल्टरला, म्हणजे आवाजाची चमक कमी-जास्त करणाऱ्या भागाला, रेझोनन्स (आवाज टोकदार करण्याची सोय) नाही, त्यामुळे आवाजाला धार आणायची तर ती एनव्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो याची आखणी) आणि इफेक्टमधूनच आणावी लागते. यासाठी रात्रीच्या रात्री जातात, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते.

२००४ च्या नवरात्रात, तिसऱ्या माळेच्या सुमारास, स्क्रीनवर बॅटरी संपत आल्याची सूचना दिसू लागली. आत बसवलेल्या सीआर २०३२ या ३ व्होल्टच्या सेलवर या यंत्राची स्मृती टिकून असते, हे मला ठाऊक होते. मी यंत्र शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेले आणि सेल बदलण्याआधी आतले टोन उतरवून घ्यायला हवेत, असे त्याला स्पष्ट सांगितले. "त्याची गरज नसते, कंपनीचे आवाज चिपमध्येच असतात," असे तो म्हणाला. हे अर्धेच खरे आहे. पियानोचे, सतारीचे, ड्रमचे मूळ नमुने चिपमध्ये कायमचे असतात. त्या नमुन्यांपासून टोन कसा बनवायचा याची मांडणी मात्र, कंपनीने भरून दिलेल्या १०० प्रोग्रॅमसकट, म्हणजे तयार टोनसकट, सेलवर जगणाऱ्या स्मृतीत असते. त्याच्या दुकानात संगणक नव्हता, माझ्याकडेही नव्हता, आणि कार्यक्रम चार दिवसांवर होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवून घरी आलो. ती चूक माझी होती, आणि मी ती कधी नाकारली नाही.

यंत्र हातात आले ते सातव्या माळेला संध्याकाळी. ते तसेच टेम्पोत घालून मी रूपाभवानी मंदिराच्या बाजूच्या एका मंडळाच्या मांडवात पोहोचलो. भारनियमन होते, म्हणून जनरेटर लावलेला होता. स्विच दाबला तेव्हा टोनच्या नावांच्या जागी अर्थहीन अक्षरे होती. काही प्रोग्रॅम मुके होते आणि काहींतून नुसती किंकाळी निघत होती. समोर हजारभर बायाबापड्या बसल्या होत्या. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी शेजारच्या भजनी मंडळाची पेटी मागवली आणि पेटी-ढोलकीवर कार्यक्रम पार पाडला. तो चांगला झाला, हेही मला सांगितले पाहिजे. पण कार्यक्रम संपल्यावर सगळ्या कलाकारांसमोर अण्णा म्हणाले, "जुन्या यंत्राने ऐन वेळी दगा दिला. हे भंगार उद्याच्या उद्या विका." दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानेही "आयसी गेला आहे, आता मिळत नाही" असे सांगून हात वर केले.

खंडेनवमीला माग बंद होते. पूजा आटोपल्यावर वडिलांनी यंत्र पलंगावर उपडे केले आणि खालच्या पत्र्याचे स्क्रू काढले. आत जे दिसले त्याने मी खजील झालो. पट्ट्यांखाली सुताची तूस थराने साचली होती, मागाच्या दांड्यावर साचते तशीच. काही पट्ट्या आधीपासून रुसत होत्या, त्यांचे कारण हेच होते. प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यामधल्या वेळेवरून पट्टी किती जोरात दाबली हे यंत्राला कळते. मध्ये तूस आली की ती वेळ चुकते, आणि हलकेच दाबलेली पट्टी ओरडते किंवा अजिबात वाजत नाही. वडिलांनी तूस आधी कोरड्या ब्रशने काढली. मग मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर अगदी थोडे घेऊन बोर्डवरचे काळे संपर्क हलक्या हाताने पुसले. रबराच्या पट्ट्या त्यांनी कोरड्या फडक्यानेच पुसल्या. "ओले जितके कमी, तितके बरे," एवढेच ते बोलले. त्यांना संगीतातले काही कळत नव्हते, पण कोणता स्क्रू कुठून निघाला हे ते कागदावर चित्र काढून लिहून ठेवत होते.

आयसी वगैरे काही गेला नव्हता. इंजिनीअरिंगला असलेल्या एका मित्राने सायबर कॅफेतून मूळ टोनची सिस्टिम एक्सक्लुझिव्ह फाइल (यंत्राची स्मृती भरून देणारी) फ्लॉपीवर आणली, आणि त्याच्या संगणकाच्या साउंड कार्डाला, जॉयस्टिकच्या पोर्टवर, एमआयडीआयची (वाद्य आणि संगणक जोडणारी) केबल जोडली. ग्लोबल मोडमध्ये जाऊन मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे स्मृतीचे कुलूप, काढले, एक्सक्लुझिव्ह संदेश स्वीकारण्याची परवानगी दिली आणि फाइल सोडली. मिनिटभरही लागला नसेल. पहिल्या क्रमांकावर युनिव्हर्स हे नाव पुन्हा उमटले आणि त्याचा तो पसरट, कोरससारखा आवाज खोलीभर झाला, तेव्हा वडील हात पुसत उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे मशीन चांगलेच होते."

माझे चाळीस टोन मात्र परत आले नाहीत. पुढचे तीन महिने मी आमच्या जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट लावून, कानाने जुळवत, एकेक टोन पुन्हा बनवला. सनई आली, सतार आली. पेटी पूर्वीसारखी कधीच साधली नाही. त्या दोन ऑसिलेटरांत नेमका किती फरक ठेवला होता, ते मी कुठेही लिहून ठेवले नव्हते.

अण्णांनी त्या दिवाळीत रिदमवाला नवा कीबोर्ड घेतला आणि मी त्यांचा ऑर्केस्ट्रा सोडला. आजही एखाद्या लग्नात भेट झाली की ते नव्या मुलांना माझ्याकडे बोट दाखवून तीच गोष्ट सांगतात, "याच्या जुन्या यंत्राने दगा दिला." अण्णांचा मान मी ठेवतो, त्यांनीच मला स्टेजवर उभे केले. तरीही यंत्राने दगा दिला नव्हता. सेल संपत आला आहे हे त्याने चार दिवस आधी लेखी कळवले होते, याहून अधिक ते काय करणार? सूचना मिळूनही ज्यांनी बॅकअप घेतला नाही, ते दुरुस्तीवाला आणि मी, अशी दोन माणसे होती. नव्या कीबोर्डाच्या बाबतीत अशीच सूचना दुर्लक्षित राहिली असती, तर अण्णा त्याला भंगार म्हणाले असते का, हे मी त्यांना अनेकदा विचारले आहे.

म्हणून तुम्ही हे यंत्र घेणार असाल, तर सेलला हात लावण्याआधी सगळी स्मृती संगणकावर उतरवून घ्या, आणि ती फाइल दोन ठिकाणी ठेवा. यासाठी बाजारातली सर्वांत स्वस्त यूएसबी-एमआयडीआय केबल घेऊ नका. साधे वादन ती पोहोचवते, पण मोठा एक्सक्लुझिव्ह संदेश मध्येच तोडते, आणि मग दोष यंत्राला लागतो. उतरवलेली फाइल एकदा परत यंत्रात सोडून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे समजू नका. स्मृती टिकावी म्हणून यंत्र चालू ठेवून सेल बदलण्याची युक्ती काही जण सांगतात. आत २३० व्होल्ट उघडे असताना हे कोणीही करू नये. सेलला थेट सोल्डर लावणे हेही धोक्याचे आहे, कारण लिथियमचा सेल तापून फुटू शकतो. कारागिराकडून एकदाच सेलचा होल्डर बसवून घ्या, म्हणजे पुढे घड्याळवाल्याकडून सेल आणून तुम्हीच बदलू शकाल.

पाहायला जाताना प्रत्येक पट्टी आधी हळू आणि मग जोरात वाजवून पाहा. दोनतीन पट्ट्या रुसत असतील तर घाबरू नका, ती बहुधा धूळ असते. प्रत्येक बटण दाबा, कारण छोटी बटणे वयानुसार कडक होतात, पण ती कोणताही चांगला कारागीर बदलू शकतो. स्क्रीन अंधूक असेल तर किंमत उतरवून मागा. त्या काळच्या स्क्रीनमागे प्रकाश देणारा पातळ पत्रा असतो आणि तो वर्षांनुवर्षे वापरून मंद होतोच. मागच्या बाजूचा व्होल्टेजचा आकडा मात्र न चुकता वाचा. जपानच्या बाजारातून आलेले यंत्र १०० व्होल्टचे असते आणि त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो. ते थेट आपल्या भिंतीत लावले, तर मात्र खरोखरच आत काहीतरी जळेल.

सोलापुरात त्रास दोनच गोष्टींचा आहे, तूस आणि ऊन. यंत्राला सुती आच्छादन ठेवा आणि वर्षातून एकदा पत्रा उघडून ब्रश फिरवा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना मांडवात उन्हाच्या बाजूला ते ठेवू नका, बंद गाडीत तर कधीच नाही. जनरेटर असेल तर तो सुरू होऊन स्थिर झाल्यावरच स्विच दाबा. कारागिराच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. "आयसी गेला" असे म्हणणाऱ्याने कोणता आयसी आणि कशावरून, हे दाखवले पाहिजे. दाखवता आले नाही तर यंत्र उचलून घरी आणा.

आता जे आधीच सांगायला हवे होते तेही सांगतो. तुम्हाला ऑर्केस्ट्रासाठी तयार रिदम हवे असतील, तर एम-१ तुमच्या कामाचा नाही. एका वेळी १६ आवाज निघतात, आणि दोन ऑसिलेटरचा टोन असेल तर आठच, त्यामुळे भरगच्च साथीत सूर तुटतात. आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर (वाजवलेले गाणे नोंदवून ठेवणारा भाग) आजच्या मानाने तोकडा आहे. नुसते त्याचे आवाजच हवे असतील तर कॉर्गने स्वतः २००५ पासून एम-१ सॉफ्टवेअरच्या रूपात दिला आहे, आणि त्यात सेल बदलावा लागत नाही. एम-१ ला फ्लॉपी ड्राइव्ह नाही, ही एका अर्थी सोय आहे. त्याऐवजी कॉर्गचाच ट्रायटन किंवा रोलँड एक्सपी-८० मिळत असेल, तर फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह चालवणारा गोटेक बसवण्याचा खर्च धरा आणि वीज जाण्यापूर्वी गाणे साठवायची सवय लावा, कारण ट्रायटनमध्ये सिक्वेन्सरमधले गाणे यंत्र बंद करताच पुसले जाते.

माझ्या एम-१ च्या खालच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला वडिलांनी मार्करने "खंडेनवमी २००४" असे लिहिले होते. त्याखाली मी २०११ आणि २०१९ या सेल बदलल्याच्या तारखा लिहिल्या आहेत. दोन्ही वेळा एकही टोन गेला नाही.